किरकोळ गुन्हे, खटला आणि सामाजिक शिक्का

प्रस्तावना : सायकल पळविणे, दुकानातून वस्तू उचलणे अशी कृत्ये कायद्याच्या दृष्टीने किरकोळ ठरतात. तथापि त्यांबद्दल भरल्या जाणाऱ्या खटल्याचे सामाजिक परिणाम किरकोळ असतातच असे नाही.

सैद्धांतिक भूमिका : जेम्स विल्सन व जॉर्ज केलिंग यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या ‘फुटक्या खिडक्या’ सिद्धांतानुसार लहान बेशिस्तीकडे दुर्लक्ष झाल्यास मोठ्या गुन्ह्यांना वाव मिळतो. हॉवर्ड बेकर यांनी मात्र १९६३ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, विचलन केवळ कृतीत नसते. समाज कर्त्यावर मारीत असलेल्या शिक्क्यातून ते घडते.

पुरावा : अमेरिकेतील बॉस्टन व परिसरातील खटल्यांविषयीचा अगन, डोलिएक व हार्वी यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकरण कोणत्या सरकारी वकिलाकडे जाईल हे बहुतांशी योगायोगावर अवलंबून असल्याने सारख्या आरोपींची तुलना शक्य झाली. ज्या अहिंसक प्रकरणांत निर्णय वकिलागणिक बदलू शकत होता, त्यांत खटला न चालविल्यास पुढील दोन वर्षांत नवी तक्रार दाखल होण्याची शक्यता ५३ टक्क्यांनी घटली. प्रथमच आरोपी झालेल्यांवर हा परिणाम सर्वाधिक दिसला.

भारतीय संदर्भ : परिवीक्षा अधिनियम, १९५८ अन्वये चोरीच्या प्रथम अपराध्यास न्यायालय समज देऊन सोडू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या पहिल्या चोरीस, माल वा त्याची किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे. परंतु या दोन्ही सवलती दोष सिद्ध झाल्यावरच मिळतात. तोपर्यंत अटक, न्यायालयाच्या तारखा, बुडालेली मजुरी व चारित्र्य पडताळणीतील अडसर यांची किंमत मोजून झालेली असते. अठरा वर्षांखालील बालकांबाबत मात्र २०१६ च्या आदर्श नियमांनी वेगळा मार्ग स्वीकारला. घृणास्पद गुन्हे आणि प्रौढांसमवेत केलेले गुन्हे वगळता प्रथम खबरी अहवाल न नोंदविता दैनंदिनीत नोंद व सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल पुरेसा मानला जातो.

निष्कर्ष : शिक्का दारातच रोखावा हे तत्त्व आपल्या कायद्यास अपरिचित नाही, परंतु वयाच्या अठराव्या वर्षी ते संरक्षण एका दिवसात संपते. हे तत्त्व प्रथमच चुकलेल्या तरुणांपर्यंत नेताना ज्याची वस्तू गेली त्याची भरपाई झालीच पाहिजे. अन्यथा किरकोळ गुन्ह्यांवरील उपायच मोठ्या गुन्ह्यांचे कारण ठरण्याचा संभव आहे.