एम.एस्सी. करून डॉक्टर होता येतं?

“ताई, हिला एम.एस्सी.ला घातलं तर पुढे डॉक्टर होईल ना हो?” डोंबिवलीतल्या आमच्या महिला मंडळात एका आईनं विचारलं. मुलगी बी.एस्सी. झालेली, ‘नीट’ला मार्क कमी पडलेले. अमेरिकेतल्या भाच्यानं असंच केलं म्हणे. फीसाठी पाटल्या मोडायचीही तयारी!

मैत्रिणींनो, भाच्याचं खोटं नाही. तिकडे आधी पदवी, मग मेडिकल. मार्क कमी असले तर काहीजण मधे एम.एस्सी. करून पुन्हा अर्ज करतात. आपल्याकडे तसं नाही. अ‍ॅनाटॉमी, बायोकेमिस्ट्रीचं एम.एस्सी. मेडिकल कॉलेजातही असतं. पण ते करून रुग्णांवर उपचार करता येत नाहीत. एम.बी.बी.एस.ला ‘नीट’चेच मार्क धरतात. मात्र २०२२ पासून ‘नीट’ला कमाल वयाची अट नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी असेल, तर बी.एस्सी. झालेली मुलगीही पुन्हा बसू शकते.

आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशींनी १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या कॉलेजकडे अर्ज केला. इथल्या बायका पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत, त्यांच्यासाठी मला शिकायचंय, असं त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कशासाठी शिकायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी त्या मुलीलाच विचारलं, “तुला काय हवंय गं?” आईकडे बघत ती हळूच म्हणाली, “मला पेशंट बघायचेत.”

आता ती पुन्हा ‘नीट’चा अभ्यास करतेय. पाटल्या अजून डब्यातच आहेत.