राजधानी नगर : दरवाजा कोणासाठी उघडला?

अहमदनगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. तेव्हापासून आपल्या तरुणांमध्ये नावावर पुष्कळ चर्चा झाली, शहरावर मात्र कमीच. ज्या शहरात आपण जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चे नेतो, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत चालतो, ते एके काळी एका राज्याची राजधानी होते. त्या इतिहासात आपण कुठे आहोत, हे समजून घ्यायला हवे.

किल्ला कोणी बांधला?

मलिक अहमदने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ मध्ये सीना नदीकाठी नवे शहर वसवायला घेतले. निजामशाहीची ही राजधानी. भुईकोट किल्ला आधी मातीचा होता. हुसेन निजामशाहाने तो दगडात बांधून घेतला. आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणले गेले. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये किल्ला लढवला, पण १६०० मध्ये तो मोगलांच्या हाती गेला.

राजांची नावे पाठ असतात. दगड वाहणाऱ्यांची नसतात. दमडी मशिदीबद्दल सांगतात की, किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी मजुरीतली एकेक दमडी देऊन ती उभारली. ही दंतकथाही असेल, पण त्या नावात मजूर निदान उरला आहे. मात्र लोकांच्या तोंडचे सगळेच खरे नसते. डोंगरावरच्या ज्या इमारतीला आपण चांदबीबीचा महाल म्हणतो, ती सलाबतखानाची कबर आहे. म्हणून इतिहास तपासून घ्यावा.

नगर पडल्यावर निजामशाही सावरली ती मलिक अंबरने. इथियोपियात जन्मलेला हा माणूस गुलाम म्हणून पुन्हा पुन्हा विकला गेला होता. पुढे तो राज्याचा सूत्रधार झाला, मरेपर्यंत मोगलांशी झुंजला आणि त्याने खडकी हे शहर वसवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. हा इतिहास आपल्याला बळ देतो, पण एक गुलाम वर चढला म्हणून गुलामी संपली नाही. राजवटी बदलल्या, गावातल्या महाराच्या मानेवरचे वतनाचे जू तसेच राहिले. त्याविरुद्ध बाबासाहेबांना १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणावे लागले.

बॉस्टन आणि नगर

इंग्रजांनी १८०३ मध्ये किल्ला घेतला. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरला काम सुरू केले. या मिशनची मूळ संस्था बॉस्टनची, म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या राजधानीतली. सिंथिया फरार यांनी १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत नगरला मुलींच्या शिक्षणाचे काम केले. त्यांच्या शाळा पाहून जोतीरावांना प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतले, असे फुले चरित्रांतून वाचायला मिळते. मिशनचे 'ज्ञानोदय' नियतकालिकही १८४२ मध्ये नगरलाच निघाले. त्याच 'ज्ञानोदया'त १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापला गेला.

आता बॉस्टनकडे पाहा. तिथे काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत बसावे लागे. सेरा रॉबर्ट्स या लहान मुलीच्या वडिलांनी त्याविरुद्ध खटला भरला आणि तो ते हरले. लढा मात्र थांबला नाही. अखेर १८५५ मध्येच मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने कायदा करून हा भेद बंद केला. म्हणजे शिक्षणाचा प्रकाश आयता बॉस्टनहून आला, असे समजायचे कारण नाही. दोन्हीकडे दरवाजा बाहेर उभ्या असलेल्यांनीच ठोठावला होता.

आपली पावले

१९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम याच जिल्ह्यातून निवडून आले. भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून नेहरू, मौलाना आझाद कैदेत होते, हे सगळ्यांना माहीत असते. पण त्याच किल्ल्यात आचार्य नरेंद्र देव वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'वर काम करत होते, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे?

आजची राजधानी

निजामशाही गेली, तरी क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याची सत्ता आजही नगरलाच बसते. जामखेडसारख्या तालुक्यातूनही न्यायासाठी माणसे इथे येतात. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २०१४ मध्ये आपल्या समाजातील एका शाळकरी मुलाचा खून झाला. साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयातून सर्व आरोपी निर्दोष सुटले.

गावात ज्यांच्या शेतावर काम, ज्यांच्या दुकानात उधारी, त्यांच्याच विरुद्ध साक्ष द्यायला एकटा माणूस नगरला कसा येणार? अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५ अ नुसार पीडित आणि साक्षीदारांना संरक्षणाचा, प्रवास आणि निर्वाह खर्चाचा हक्क आहे. तो मागावा लागतो, अर्ज करावा लागतो आणि तारखेला सोबत कोणीतरी असावे लागते. हे काम मोर्च्याइतके दिसत नाही, पण साक्षीदार टिकतो तो त्यानेच.

म्हणून नगरमध्ये राहणाऱ्या, शिकणाऱ्या आपल्या तरुणांना आमचे सांगणे आहे. किल्ला पाहा, दमडी मशीद पाहा, फरारबाईंची आठवण ठेवा. आणि महिन्यातला एक दिवस न्यायालयाच्या आवारात खेड्यातून आलेल्या आपल्या माणसाशेजारी बसा. शेवटच्या घरातला माणूस दारात आला की त्याला काय मिळते, यावरूनच राजधानीची पारख होते.

जय भीम!