एक्झोसोम आणि कॅन्सर: ऐकीव काय, खरं काय

केसगळतीपासून कॅन्सरपर्यंत सगळ्यावर ‘एक्झोसोम’ चालतात, असे दावे हल्ली सर्रास कानावर येतात. त्यातला कॅन्सरचा दावा सर्वांत घातक, कारण त्यामागे खरं संशोधन आहे आणि म्हणूनच तो पटकन पटतो.

एक्झोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या, मेदाचं आवरण असलेल्या पुटिका. साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. १९८३ मध्ये माँट्रियल आणि सेंट लुईसच्या संशोधकांनी त्या लाल रक्तपेशी तयार होताना पाहिल्या. पेशी नको तो माल बाहेर टाकते, एवढाच अर्थ तेव्हा लावला गेला. म्हणजे पहिला गैरसमज शास्त्रज्ञांचाच. १९९६ मध्ये ग्रासा रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रतिकारशक्तीच्या बी-पेशींनी सोडलेल्या पुटिका टी-पेशींना चेतवतात. दोन वर्षांनी लॉरेन्स झिटव्होगेल यांच्या गटाने प्रतिकारशक्तीच्याच डेंड्रायटिक पेशींच्या पुटिका टोचून उंदरांमधल्या गाठींची वाढ रोखली.

‘शरीरातलंच आहे, मग अपाय कसला?’ हे वाक्य फार ऐकू येतं. पण कॅन्सरच्या पेशीही पुटिका सोडतातच. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या पुटिकांवर पीडी-एल१ हे प्रथिन असतं आणि गाठीपासून दूर असलेल्या टी-पेशींनाही ते थोपवतं, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं. पुटिका कोणत्या पेशीची आणि तिच्यात काय भरलंय, यावरच सगळं ठरतं.

रक्तात सोडल्या की त्या थेट गाठीवर जातात, हेही खरं नाही. बहुतेक पुटिका यकृत आणि प्लीहा लगेच गिळून टाकतात. म्हणून तर त्यांच्यावर इतकी कारागिरी करावी लागते. कोडियाक या अमेरिकन कंपनीने पुटिकेच्या पृष्ठभागावर इंटरल्युकिन-१२ हे प्रतिकारशक्तीला चेतवणारं प्रथिन जोडलं आणि ती थेट गाठीत टोचून पाहिली, म्हणजे औषध तिथंच राहावं. ही कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

आता सर्वांत मोठा गैरसमज: उपचार तयार आहे. फ्रान्समधल्या चाचणीत फुप्फुसाच्या कॅन्सरच्या २२ रुग्णांच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या, प्रयोगशाळेत त्यांच्यापासून डेंड्रायटिक पेशी वाढवल्या, त्यांच्या पुटिकांवर कॅन्सरची ओळख पटवणारे प्रथिनांचे तुकडे चढवले आणि केमोथेरपीनंतर त्या टोचल्या. चार महिने निम्म्या रुग्णांचा आजार स्थिर राहावा, हे उद्दिष्ट होतं. तो सात जणांचाच राहिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले हे निकाल निराशाजनक असले तरी निरुपयोगी नाहीत: काही रुग्णांमध्ये नैसर्गिक मारक पेशी अधिक सक्रिय झालेल्या दिसल्या.

अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्येच बजावलं, की एक्झोसोमच्या एकाही उत्पादनाला त्यांची मान्यता नाही. कुणी पैसे मागून कॅन्सरसाठी एक्झोसोमचं सलाइन लावायला निघालं, तर आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. भारतात औषधांच्या मानवी चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’कडे करावीच लागते आणि ती यादी कुणालाही पाहता येते. आपल्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय सुरू असलेली केमो किंवा इम्युनोथेरपी थांबवू नका.