कांप उठल्यावरची दापोली

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, हर्णैच्या किनाऱ्यापासून अडीच-तीन कोस आत, डोंगरमाथ्यावरच्या सपाट आणि हवेशीर माळावर वसलेल्या दापोलीस जुनी माणसे अद्यापही 'कांप दापोली' असेच म्हणतात. परंतु ज्या लष्करी छावणीमुळे गावाच्या मागे हे उपपद लागले, ती उठून आता दीडशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. लष्कराचे ठाणे हलले की त्याच्या आधाराने जगणाऱ्या मुलखाचे काय होते, हा प्रश्न अलीकडे जगभर चर्चिला जातो. फिलिपीन्समधील सुबिक बे येथून अमेरिकेचे आरमार 1992 साली निघाले, तेव्हा तेथील सरकारने त्याच वर्षी स्वतंत्र प्राधिकरण नेमून बंदराचा व्यापारी कायापालट हाती घेतला. दापोलीच्या वाट्याला असे काहीच आले नाही. ना कोणी योजना आखली, ना कोणी नुकसानभरपाईचा हिशेब मांडला. पलटण गेली आणि मागे राहिलेल्यांनी आपापल्या बुद्धीने व कुवतीने वाट काढली. ती वाट न्याहाळू लागलो की असे दिसते, की छावणी मोडण्यापेक्षा कितीतरी खोल घाव दापोलीच्या आसपासच्या खेड्यांवर पुढे, आणि तोही छावणीच्या हद्दीबाहेर घेतलेल्या एका निर्णयाने, बसला.

1818 साली पेशवाई बुडून कोकणचा मुलूख कंपनी सरकारच्या अमलाखाली आला, तेव्हा दक्षिण कोकणच्या बंदोबस्तासाठी दापोलीचा माळ निवडण्यात आला. जालगाव, गिम्हवणे, मौजे दापोली, जोगळे अशा गावांच्या शिवारातून जागा काढून छावणी उभी राहिली. सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट हे इंग्रजांचे जुने ठाणे जवळच होते, आणि जिल्ह्याचा कारभारही प्रथम तेथूनच चाले, म्हणून ही निवड स्वाभाविकच म्हटली पाहिजे. गोऱ्या अधिकाऱ्यांना येथील हवा मानवली. त्यांच्यासाठी बंगले झाले, प्रार्थनामंदिर झाले, आणि काळाच्या ओघात एक दफनभूमीही झाली. परंतु 1822 मध्ये जिल्ह्याची कचेरी बाणकोटहून रत्नागिरीस गेली, आणि ज्या मुलखात लढाईची धास्तीच उरली नव्हती तेथे फौज पोसण्याचे प्रयोजन सरकारास हळूहळू वाटेनासे झाले. 1840 च्या सुमारास नियमित पलटणी हलविण्यात आल्या. त्यानंतर काही काळ वयस्क शिपायांची एक पलटण येथे ठेवलेली होती; 1857 च्या सुमारास तीही मोडली.

छावणी म्हणजे केवळ शिपाई नव्हेत. त्यांना धान्य पुरविणारा वाणी, भिस्ती, धोबी, शिंपी, मोची, गवताचे भारे आणणारी कुणब्याची बायको, अंडी-कोंबड्या घेऊन येणारा आसपासच्या मोहल्ल्यातला माणूस, या सर्वांची चूल पलटणीच्या पगारावर पेटत असते. ती चूल दापोलीत एकदम विझली नाही, याचे पहिले कारण मला पेन्शन हे दिसते. रत्नागिरी जिल्हा हे मुंबई इलाख्याच्या फौजेचे भरतीचे मोठे क्षेत्र होते. येथील मराठे व महार तरुण पलटणीत भरती होऊन अदनपासून अफगाणिस्तानापर्यंत जात आणि नोकरी संपली की गावी परतत, अथवा कांपातच घर करीत. कोकणातल्या बहुतेक गावांत जमीन खोताची. कुळाने भात पिकवावे आणि त्यातला मोठा हिस्सा मक्त्यादाखल खोताच्या कोठारात घालावा, अशी रीत. ज्या मुलखात धान्यानेच देवघेव होई तेथे दरमहा रोख रुपये हाती असणारा सुभेदार वा हवालदार, मग तो कोणत्याही जातीचा असो, ही एक निराळीच असामी होती. तालुक्याची मामलेदार कचेरी आणि तिच्या भोवती जमलेली वकील-मुनशी मंडळी हा दुसरा आधार. परंतु कचेरी खेड्यातला पैसा शहरगावी खेचते, पेन्शन मात्र तो खेड्यात आणून सोडते, हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

तिसरा आधार शाळेचा, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. इंग्लंडातील एस. पी. जी. मिशनने दापोलीत चालविलेल्या इंग्रजी शाळेने, धर्मप्रसारात तिला किती यश आले हा प्रश्न बाजूस ठेवला तरी, या भागाला जे दिले त्याचे मोल करणे कठीण आहे. पांडुरंग वामन काणे यांचे वडील दापोलीस वकिली करीत. काणे 1897 साली याच शाळेतून मॅट्रिक झाले आणि पुढे धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंडांचे प्रचंड काम त्यांनी सिद्धीस नेले. पालगडचे साने गुरुजीही येथलेच विद्यार्थी. त्या काळचे मिशनरी आल्फ्रेड गॅडने यांचे नाव धारण करणारी ए. जी. हायस्कूल ही संस्था आजही चालू आहे. बाजार आणि कचेरी यांच्यापलीकडे ज्या गावाला स्वतःचा असा उद्योग नव्हता, तेथे बाहेरगावची मुले शिकण्यास येऊन राहू लागली, आणि बिऱ्हाडे, खाणावळी, वह्या-पुस्तकांची दुकाने यांच्या रूपाने विद्या हाच गावाचा एक व्यवसाय होऊन बसला.

मात्र शाळेचा दरवाजा सर्वांना सारखा उघडा नव्हता. पलटणीत शिपायांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे असल्याने महार पेन्शनरांच्या घरी लिहिणे-वाचणे आधीच पोहोचले होते. भीमराव आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे तर लष्करी शाळेचे चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. पण गणवेश उतरवून कांपात राहावयास आलेल्या अशा माणसांच्या मुलांना गावच्या शाळेत घेण्यास लोक राजी नव्हते, आणि त्यासाठी पेन्शनरांना सरकारदरबारी अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. निवृत्तीनंतर रामजी काही काळ सहकुटुंब दापोलीस राहिले, आणि धाकट्या भीमरावाच्या शिक्षणाचा आरंभ येथेच झाल्याचे चरित्रकार सांगतात. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबुवा वलंगकर हे 1886 साली पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीस राहिले, आणि येथूनच त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालविली. छावणीने मागे ठेवलेल्या मालमत्तेत बराकी आणि बंगले मोजले जातात. अर्ज लिहिण्याची ही धमक कोणी मोजत नाही, हा हिशेबनिसांचा दोष होय.

याच माणसांवर खरा आघात झाला तो 1892 च्या सुमारास. लॉर्ड रॉबर्ट्स हे सरसेनापती असताना हिंदुस्थानातील काही जातीच तेवढ्या लढवय्या, अशी समजूत लष्करी धोरणात रुजली आणि पंजाबी, पठाण, गुरखे यांची भरती वाढवून महारांची भरती बंद करण्यात आली. ज्या घराण्यांत आजा, बाप आणि मुलगा अशा तीन पिढ्यांनी पलटण पाहिली होती, तेथे चौथ्या पिढीला सांगण्यात आले की तू शिपाई होण्यास अपात्र आहेस. वलंगकरांनी 1894 साली या निर्णयाविरुद्ध सविस्तर अर्ज तयार केला, त्यात आपल्या लोकांच्या लष्करी सेवेचा दाखला दिला. उपयोग झाला नाही. 1917 साली महायुद्धाची निकड पडली तेव्हा एक महार पलटण उभारली, ती 1921 मध्ये मोडली, आणि महार रेजिमेंट कायमची उभी राहण्यास 1941 साल उजाडावे लागले. पहिल्या वेळी पलटण केवळ दापोलीहून उठली होती. शिपाई अन्यत्र नोकरी करून पैसा घरी धाडतच होता. या वेळी घरात येणारा तो झराच आटला. जुने पेन्शनर एकेक करून वारले तसतशी त्यांच्यामागची रोकडही संपत गेली.

याला उतारा म्हणून कोकणाने मुंबई धरली. दापोलीतील शेवटची पलटण मोडण्याच्या सुमारासच, 1856 साली, कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी मुंबईत सुरू झाली होती. पुढे गिरण्या, गोदी, रेल्वे, नगरपालिकेचे झाडूखाते आणि घरकाम यांनी दाभोळ, हर्णै, बाणकोट या बंदरांतून आगबोटीने आलेला माणूस सामावून घेतला. 1880 पासून टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली, आणि मग पेन्शनची जागा पोस्टमनच्या पिशवीने घेतली. गावात म्हातारे, बायका आणि पोरे, शेतावर आषाढ-श्रावणात उसनी मजुरी, आणि शिमगा-गणपतीला माणसांनी फुललेली घरे, हा जो कोकणचा संसार आपण उपजत मानतो तो वस्तुतः या काळात घडला. मनिऑर्डरीने माणसे जगविली खरी, पण जमिनीत पैसा क्वचितच घातला गेला. कारण जमीन खोताची होती. आंबेडकरांनी 1937 साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले ते याच मुलखाच्या अनुभवातून, आणि कायदा मात्र व्हावयास 1949 साल लागले.

कुळाच्या नावावर जमीन चढू लागल्यावरच फळबागेचा विचार अर्थपूर्ण झाला. दापोलीस 1965 साली कृषी महाविद्यालय निघाले आणि 18 मे 1972 रोजी कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. छावणी गेल्यापासून शंभर-सव्वाशे वर्षांनी गावाला पुन्हा एकदा पगारदारांची, आवारांची आणि बाहेरून येणाऱ्या तरुणांची वस्ती लाभली. फरक एवढाच, की या संस्थेचे काम भोवतालच्या कातळाशी आणि लाल मातीशी निगडित होते. हापूसला पडणाऱ्या साक्याने, म्हणजे फळाचा गर आतून बिघडविणाऱ्या विकृतीने, बागायतदाराची मती गुंग होते. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रावर तयार झालेली 'रत्ना' ही साका नसलेली जात 1981 साली, आणि बारीक कोयीची 'सिंधू' 1992 साली प्रसृत झाली. बाजाराने हापूसचेच वेड सोडले नाही, ही गोष्ट वेगळी. त्याहून मोठा परिणाम वेंगुर्ल्याच्या काजूकलमांचा आणि 1990 साली सुरू झालेल्या रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेचा झाला; शंभर टक्के अनुदानामुळे वरकस म्हणून पडून राहिलेल्या डोंगरउतारांवर लहान शेतकऱ्यालाही कलमे लावता आली. योगायोग असा, की 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत चालल्या होत्या आणि मनिऑर्डर आटण्याचे ते दुसरे दशक होते.

अलीकडे मुरूड, कर्दे, आंजर्ले या किनाऱ्यांवर पुण्या-मुंबईचे पाहुणे शनिवार-रविवारी गर्दी करतात, घरगुती निवासाचे फलक दर वळणावर दिसतात, आणि जमिनीचे दलाल सातबाऱ्याच्या नकला खिशात घेऊन हिंडतात. ज्या कुटुंबांनी खोतीच्या कचाट्यातून जमीन सोडवून घेतली त्यांतली काही ती बंगल्यासाठी विकून मोकळी होत आहेत. बागांत मात्र मनुष्यबळाची टंचाई आहे. गावातला तरुण विरार-डोंबिवलीस बिऱ्हाड करून राहतो आणि मोहोर फुटल्यापासून आंबा उतरेपर्यंत बागेची राखण, फवारणी आणि काढणी बहुतांशी नेपाळातून आलेले मजूर करतात. बागायतदार त्यांना सरसकट 'गुरखे' म्हणतो, हंगामाच्या आरंभी उचल देतो, आणि ते पैसे आपल्या डोंगरातल्या घरी धाडतात.