कपाटातलं गाणं खिशात

मराठी घरांत गाण्यांचा साठा दोन तऱ्हेचा असतो. एक बाजारातून आणलेला: एलपी, कॅसेटी, सीडी. दुसरा बाजारात कधी आलाच नव्हता. वाड्यातल्या गणपतीपुढची मैफल कुणा काकांनी टेपरेकॉर्डर मांडीशी घेऊन उतरवलेली, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, रेडिओवरून टिपलेलं नाट्यसंगीत, ज्यात पद संपायच्या आत निवेदिका बोलायला लागते. पहिल्या साठ्यातलं बरंचसं आज कुठल्याही ॲपवर ऐकता येतं. दुसऱ्यातलं काहीच नाही. ‘सगळं ऑनलाइन मिळतं हो आता,’ असं म्हणणाऱ्याच्या कपाटात बहुधा हा दुसरा साठा नसतो, किंवा असून त्याने तो उघडलेला नसतो.

हा साठा घरीच ठेवायचा आणि आपण लोकलमध्ये, कचेरीत नाहीतर न्यू जर्सीत असताना मोबाइलवर ऐकायचा, ही सोय आता कुठल्याही हौशी माणसाच्या आवाक्यातली आहे. लोक बिचकतात ते यंत्राला. माझ्या मते यंत्राचं काम एखाद्या सुट्टीच्या दिवसात उरकतं; खरा घाम निघतो तो गाण्यांना नावं लावताना.

कल्पना तशी जुनी. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेत एमपी३.कॉम या कंपनीने अशी सेवा काढली होती. आपली सीडी संगणकात घालून दाखवायची. ती खरी आहे अशी खात्री पटली की तीच सीडी कुठूनही ऐकायला मोकळीक. गोम अशी की, कानावर यायची ती आपली प्रत नव्हेच. कंपनीने हजारो सीडींच्या नकला आधीच आपल्या सर्व्हरवर करून ठेवल्या होत्या. रेकॉर्ड कंपन्या कोर्टात गेल्या आणि त्याच वर्षी निकाल एमपी३.कॉमच्या विरुद्ध लागला. २०११ मध्ये गूगलने सरळ रस्ता धरला: गाणी तुमची, तुम्हीच आमच्याकडे चढवा. आधी २०,००० आणि पुढे ५०,००० गाण्यांपर्यंत फुकट. परदेशातल्या कितीतरी लोकांनी आपले साठे तिथे नेऊन ठेवले. डिसेंबर २०२० पर्यंत गूगल प्ले म्युझिक बंद झालं, आणि २४ फेब्रुवारी २०२१ नंतर तिथलं सगळं पुसलं जाईल असं कंपनीने कळवलं. त्याआधी गाणी यूट्यूब म्युझिककडे हलवता येत होती, हेही सांगितलं पाहिजे. पण आपल्या गाण्यांनी कधी आणि कुठे मुक्काम हलवायचा, हे ठरवलं तिसऱ्यानेच.

दुसरी वाट घरातूनच जाते. सिंद्रे मेहुस या नॉर्वेच्या प्रोग्रामरने ‘सबसॉनिक’ नावाचा सर्व्हर लिहिला. सर्व्हर म्हणजे इथे घरच्या संगणकावर चालणारी एक प्रणाली, जी गाण्यांची यादी ठेवते आणि मागेल त्या मोबाइलला गाणं पाठवते. ॲपने सर्व्हरकडे गाणं कसं मागायचं याचे सबसॉनिकने घालून दिलेले नियम इतके रूढ झाले की तो स्वतः मागे पडला तरी नियम टिकून राहिले. आज ‘नॅव्हिड्रोम’ हा फुकट मिळणारा सर्व्हर तेच नियम पाळतो. म्हणून अँड्रॉइडवरचं सिम्फोनियम किंवा आयफोनवरचं ॲम्परफाय, यांतलं कुठलंही ॲप त्याच्याशी जुळतं. सिनेमेही ठेवायचे असतील तर जेलीफिन घ्यावं. ‘एम्बी’ या अशाच सर्व्हरने २०१८ मध्ये आपला कोड झाकून घेतला तेव्हा नाराज मंडळींनी काढलेली ही वेगळी चूल. प्लेक्स या कंपनीचं प्लेक्सॅम्प हे ॲप दिसायला सगळ्यांत देखणं, पण त्यासाठी कंपनीकडे खातं उघडावं लागतं. नुसत्या गाण्यांसाठी मी कुणालाही नॅव्हिड्रोमच सुचवतो.

ते चालवायला फार मोठा संगणक लागत नाही. कोपऱ्यात पडलेला जुना लॅपटॉप चालतो. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक तर अगदी पुरे. दिवसरात्र चालू ठेवायचं म्हटल्यावर विजेचा हिशेब बघावाच. पाच वॅट खाणारं यंत्र वर्षाला साधारण ४४ युनिट घेतं, साठ वॅटचा जुना डेस्कटॉप सव्वापाचशे. फुकट मिळालेला डेस्कटॉप काही वर्षांत पायपेक्षा महाग पडतो तो असा.

कॅसेटी संगणकात उतरवण्यावर स्वतंत्र लेख होईल, म्हणून इथे एकच गोष्ट. कॅसेट डेकच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. ज्या यंत्रावर मैफल भरली त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या डेकच्या हेडचा कोन जुळेलच असं नसतं. तो चुकला की तानपुऱ्याची धार बोथट होते आणि आवाज पांघरुणाआडून आल्यासारखा वाटतो. टेप चालू ठेवून छोट्या पेचकसाने तो स्क्रू किंचित इकडेतिकडे फिरवायचा आणि जिथे ‘स’, ‘श’ सर्वांत खणखणीत ऐकू येतात तिथे थांबायचं. नंतर संगणकावर केलेली कुठलीही सफाई या एका कृतीची बरोबरी करत नाही. उतरवलेलं ‘फ्लॅक’मध्ये ठेवावं. २००१ पासून चालत आलेली ही फुकट आणि खुली पद्धत, मूळ ध्वनीतला कणही न गमावता फाइल बरीच लहान करते. खरखर जास्त असलेली कॅसेट मात्र फ्लॅकमध्येही फारशी आटत नाही. खरखरीला काही घाटच नसतो, मग ती आटवायची कशी?

आता नावं. फाइलच्या पोटात टॅग असतात: गाण्याचं नाव, गायक, अल्बम, संगीतकार, वर्ष, प्रकार. नॅव्हिड्रोम फोल्डरची नावं बघत नाही, हे टॅगच वाचतो. त्यामुळे ‘आप्पांच्या कॅसेटी – निळी पेटी’ अशा प्रेमाने ठेवलेल्या फोल्डर-नावांना काडीचीही किंमत उरत नाही. आणि हे टॅग घडले ते पाश्चात्त्य पॉप गाण्यांच्या मापाने. आपलं गाणं त्यात बसवताना कशी ओढाताण होते ते एका उदाहरणात बघा.

‘संगीत मानापमान’मधलं एक पद घ्या. पद लिहिलं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी, चाल गोविंदराव टेंब्यांची, नाटक रंगभूमीवर आलं १९११ मध्ये, आणि आपल्याकडचं ध्वनिमुद्रण कुणा नंतरच्या गायकाच्या रेडिओ-मैफलीतलं. ‘वर्ष’ या रकान्यात काय भरणार? १९११ भरलं तर ॲप त्या गायकाला शंभर वर्षांमागे नेऊन बसवतं. ध्वनिमुद्रणाचं वर्ष भरलं तर नाटकाचं वर्ष हरवतं. मी वर्ष नेहमी ध्वनिमुद्रणाचंच लिहितो, नाटकाचं नाव अल्बमच्या रकान्यात घालतो आणि नाटकाचं साल शेऱ्यात.

रागाला तर जागाच नाही. फ्लॅकमध्ये हव्या त्या नावाचा रकाना उघडता येतो, ‘राग’, ‘ताल’, ‘घराणं’, काहीही. पण मोबाइलवरचं ॲप तो दाखवेलच याची खात्री नसते. म्हणून बरेच शौकीन ‘प्रकार’ या रकान्यातच राग लिहितात. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडावं. पण दुपारी चारला ‘प्रकार’ उघडून ‘भीमपलास’वर बोट ठेवलं की घरातले सगळे भीमपलास रांगेत उभे राहतात, यापरतं काय हवं?

मग येतात नावांच्या भानगडी. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि रोमन लिपीतलं तेच नाव, हे यंत्राच्या लेखी तीन गायक. ‘पं.’ आणि ‘उ.’ सरसकट लावले तर सगळे पंडित ‘प’खाली आणि सगळे उस्ताद ‘उ’खाली गोळा होतात आणि अकारविल्हे यादीचा उपयोगच संपतो. आदर मनात ठेवून उपाध्या गाळाव्यात, असं माझं मत. लिपीही एकच ठरवावी. ‘कट्यार काळजात घुसली’ची गंमत आणखी वेगळी: पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७ चं, जितेंद्र अभिषेकींच्या संगीताचं, सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०१५ चा. टॅग अपुरे असले तर दोन्ही एकाच अल्बमात कालवले जातात आणि वसंतराव देशपांड्यांच्या मागोमाग शंकर महादेवन सुरू होतात. त्यावर उपाय म्हणजे ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना. बहुतेक जण तो रिकामा सोडतात, आणि तिथेच फसतात. उलट, पाच गायकांचा एकच संग्रह पाच तुकड्यांत विखुरतो तोही हाच रकाना कोरा राहिल्यामुळे.

युनिकोडच्या आधीच्या काळात भरलेल्या सीडींचा त्रास तर विचारूच नका. तेव्हा मराठी टंक रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो टंक संगणकातून गेला की ‘नाट्यगीते’ या नावाच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि आकडे यांची खिचडी दिसते. अशा फायली कानाने ओळखून एकेक करून लिहिण्याला पर्याय नाही. ‘म्युझिकब्रेन्झ पिकार्ड’ हे फुकटचं हत्यार इंग्रजी आणि हिंदी चित्रपटगीतांची नावं बऱ्याचदा आपोआप शोधून देतं. वाड्यातल्या मैफलीला ते तरी काय करणार? ज्यांना ओळखू येतं ती माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांच्याजवळ बसून लिहून घेण्याचं काम सर्व्हर उभा करण्याआधीचं आहे.

नावं लागली की राहतो प्रवास. सीडीच्या दर्जाचा न आटवलेला ध्वनी तासाला सुमारे ६३५ एमबी होतो. बाहेर असताना एवढं ओढत बसायची गरज नाही. घरी फ्लॅक ठेवावं आणि मोबाइल डेटावर असताना सर्व्हरला सांगावं की पाठवताना ‘ओपस’ करून पाठव. २०१२ मध्ये प्रमाण ठरलेल्या या पद्धतीत १२८ केबीपीएस पुष्कळ झालं. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाऊन-येऊन अडीच तास धरले तर खर्च १४४ एमबी. रोज दीड जीबी देणाऱ्या प्लॅनला त्याचं काही वाटत नाही. पूर्वी घरच्या ब्रॉडबँडचा अपलोड तुटपुंजा असे आणि गाणं घरातून बाहेर पडतानाच अडखळे. फायबर आल्यापासून ती तक्रार जवळपास मिटली.

अडतं ते दारात. आपल्याकडचे बरेच इंटरनेट पुरवठादार प्रत्येक घराला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता देत नाहीत. शेकडो घरं एका पत्त्यामागे असतात. सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे, पण त्याच्याकडे फ्लॅटची यादीच नाही, असा प्रकार. आतला माणूस बाहेर जातो, त्याने मागवलेलं पार्सल त्याला पोचतं. पण बाहेरून आपणहून आलेल्याला कुठल्या मजल्यावर पाठवायचं हे वॉचमनला ठाऊक नसतं. आपलं घर असं आहे का, हे ओळखणं सोपं. राउटरच्या पानावर दिसणारा पत्ता आणि ‘माझा आयपी काय’ विचारल्यावर एखादं संकेतस्थळ दाखवतं तो पत्ता ताडून बघा. दोन्ही वेगळे असले आणि राउटरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असला, तर तुम्ही अशाच सामायिक पत्त्यामागे आहात. मग राउटरमध्ये पोर्ट उघडण्याच्या जुन्या युक्त्या करून काहीही साधत नाही.

पुरवठादाराला जादा पैसे देऊन कायमचा पत्ता घेता येतो. पण घरच्या यंत्राचं दार अख्ख्या जगाला उघडं टाकणं मला पटत नाही. कुलपं चाचपत हिंडणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. ‘टेलस्केल’ या ॲपची वाट त्याहून बरी. ते घरच्या यंत्रावर आणि मोबाइलवर बसवायचं, दोन्हीकडे एकाच खात्याने शिरायचं. दोघंही आपणहून बाहेर पडून एकमेकांना गाठतात आणि त्यांच्यात फक्त त्यांचाच असा कूटबद्ध रस्ता तयार होतो. थेट गाठ पडली नाही तर मधल्या सर्व्हरमार्गे पडते, पण तिथेही मजकूर कूटबद्धच राहतो. घरगुती वापराला पैसे पडत नाहीत. दुबईतल्या मुलाच्या फोनवर ते बसवलं की सांगलीतला सर्व्हर त्याला शेजारच्या खोलीत असल्यासारखा मिळतो. गाणं सुरू व्हायला क्षणभर जास्त लागतो, एवढंच.

नेटवर्क नसेल तिथे अर्थात कुठलाच रस्ता उपयोगाचा नाही. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि असे लहानमोठे बोगदे त्या मार्गावर नव्वदच्या वर. कोकणात जाणाऱ्याने आदल्या रात्री घरच्या वायफायवर हवं ते ॲपमध्ये उतरवून घ्यावं. सलग ख्यालाचे तुकडे केले असतील तर तेही फ्लॅकमध्येच ठेवावेत. एमपी३ च्या फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते आणि विलंबितातून द्रुतात जाताना मधेच सम चुकल्यासारखं होतं.

कायद्याचं थोडक्यात. खासगी वापरासाठी आपल्या सीडीची प्रत करण्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात वाव आहे, आणि प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षांनी संपतो. ही मोकळीक आपल्या घरापुरती. सर्व्हरचा पासवर्ड सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की ते खासगी राहत नाही. मैफलीच्या ध्वनिमुद्रणावर तर गाणाऱ्याचाही हक्क असतो.

राहता राहिली वीज आणि दुसरी प्रत. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला आणि पायसाठी वेगळी सोय केली तर लाइट गेली तरी दोन-तीन तास गाणं चालू राहतं. हार्ड डिस्क मात्र कधीतरी जाणारच. आपली एक प्रत घरी दुसऱ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी असावी. नाशिकच्या भावाकडे एक रास्पबेरी पाय आणि डिस्क ठेवून द्या. टेलस्केलच्याच रस्त्याने रोज रात्री फक्त नवीन आणि बदललेल्या फायली तिकडे जातील असं लावता येतं. पहिल्या वेळेस मात्र सगळं नेटवरून पाठवत बसू नका. डिस्क घरीच भरा आणि दिवाळीला जाताना बॅगेत घालून न्या.