दोर केव्हा ओढायचा?

गावाकडच्या विहिरीत पोहायला शिकलेल्यांना तो दोर आठवत असेल. एक टोक आपल्या कमरेला, दुसरे काठावरच्या काकांच्या हातात. दोर सदा ताठ धरला, तर पोरगे जन्मात पोहायला शिकायचे नाही. फार सैल सोडला, तर... पुढचे बोलायलाच नको! दोर केव्हा ओढायचा, हे ओळखण्यातच काकांचे सारे कसब.

विमानतळाच्या मनोऱ्यातही असे एक काका (कधी काकूही!) असतात. उमेदवारी करणारा नियंत्रक रेडिओवरून वैमानिकांना सूचना देत असतो आणि मार्गदर्शक शेजारी बसून त्याचा शब्दन् शब्द ऐकत असतो. वर्गातले धडे आणि यंत्रावरची लुटुपुटूची विमाने संपली, की ही खरी शाळा सुरू होते. मनोऱ्यातल्या कामासाठी आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अशा देखरेखीखाली निदान ९० तास किंवा एक महिना, यांपैकी जे अधिक असेल तितके काम करावे लागते.

बोलतो उमेदवार, पण जबाबदारी मार्गदर्शकाची. गरज पडताच त्याला मध्येच रेडिओवर बोलून सूत्रे हाती घेता येतात. मात्र उतरायला आलेले जेट विमान ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने येत असते. ‘सांगू की नको?’ या विचारात एक सेकंद गेला, की ते ७० मीटर पुढे! उमेदवाराची चूक त्याच्याच लक्षात यावी आणि त्यानेच ती निस्तरावी, यासारखा धडा नाही. पण तेवढी सवड आहे का, हा हिशेब मार्गदर्शकाने मनातल्या मनात करायचा.

१० डिसेंबर १९९८ रोजी हॉलंडमधल्या ॲम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर हा हिशेब चुकला. हवा धूसर होती. मनोऱ्यातून धावपट्टी नीट दिसत नव्हती. ओढून नेले जाणारे एक बोइंग ७४७ नेमके कुठे पोहोचले आहे, याविषयी मनोऱ्यात गैरसमज झाला. धावपट्टी मोकळी असल्याची खात्री न होताच दुसऱ्या विमानाला उड्डाणाची परवानगी दिली गेली, आणि तीही शिकाऊ नियंत्रकाकडून. विमान धावू लागले. तेवढ्यात वैमानिकांना समोर आडवे जाणारे ते अजस्र धूड दिसले! त्यांनी करकचून ब्रेक लावले आणि विमान वेळेत थांबले. कुणाला साधे खरचटलेही नाही.

मार्गदर्शक होते, मग दोर का ओढला गेला नाही? ओढायचे कारणच दिसले नाही म्हणून! शिकणारा आणि शिकवणारा दोघांच्या मनात एकच चुकीचे चित्र असले, तर दोन माणसे असूनही डोळे एकाचेच. काठावरच्या काकांनी नुसते पोराकडे पाहून भागत नाही. पाण्याचा अंदाज त्यांचा स्वतःचा हवा.

आणि एके दिवशी काका दोर सोडून देतात. पोरगे एकटेच पाणी कापत पलीकडे पोहोचते. काठावर उभे राहून हे पाहताना काकांच्या छातीत जी धडधड होते, तिची नोंद मात्र कुठल्याच परवान्यावर होत नाही.