शेळ्या उलटतात, दोष कोणाचा? पैदाशीचा बोकड कसा ओळखावा



इयत्ता दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये आनुवंशिकता आणि प्रजनन हे दोन्ही विषय आहेत. आपण ते शिकवतो, मुलं आकृत्या काढतात, परीक्षेत लिहितातही. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर असो की घाटाखाली, वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या दारात दोन-चार शेळ्या बांधलेल्या असतात. पुस्तकातला पाठ त्यांच्या गोठ्यात रोज घडत असतो. म्हणून आजचा लेख गोठ्यातल्या पाठावर.

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या आहेत. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगीच नाही. मुलीची फी, आजारपण, पेरणीचं बियाणं अशा अडीनडीला करडू विकून पैसा उभा राहतो. त्यामुळे शेळी गाभण राहिली नाही तर घराचा हिशोबच चुकतो.

दोष शेळीचाच का?

शेळी दोन-तीनदा उलटली, म्हणजे बोकड दाखवूनही पुन्हा माजावर आली, की लोक तिला वांझ ठरवतात. मग ती बाजारात जाते. बोकडाकडे कोणी पाहत नाही. तो दिसायला दांडगा, वास मारणारा, शेळी दिसली की धावणारा. त्याच्यात काय दोष असणार, असं वाटतं.

आता साधा हिशोब करा. एक शेळी वांझ असेल तर एका शेळीची करडं जातात. पण पूर्ण वाढलेला बोकड एका हंगामात २० ते ३० शेळ्यांना पुरतो. तोच निकामी असेल तर सगळ्या शेळ्यांचा हंगाम वाया जातो. प्रत्येक करडाला निम्मी जनुकं आईकडून आणि निम्मी बापाकडून मिळतात, हे आपण फळ्यावर लिहितो. मग तपासणी फक्त आईचीच का?

आधी शेळीचं गणित समजून घेऊ

शेळी साधारण २१ दिवसांनी माजावर येते. माज २४ ते ४८ तास टिकतो. शेपटी सारखी हलवणं, ओरडणं, चाऱ्यावर मन नसणं, योनीमार्गावर सूज आणि चिकट स्राव, दुसऱ्या शेळीवर चढणं ही त्याची लक्षणं. बीजांड माजाच्या शेवटी शेवटी सुटतं. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी बोकड दाखवावा आणि माज टिकून असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाखवावा. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. १५ जूनला फळलेली शेळी १२ नोव्हेंबरच्या आसपास विते. हे गणित मुलांकडून कॅलेंडरवर करून घ्या, त्यांना फार आवडतं.

जोश वेगळा, बीज वेगळं

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. चांगल्या बोकडाला तीन गोष्टी लागतात: इच्छा, अंगात क्षमता आणि सकस वीर्य. पहिल्या दोन डोळ्यांना दिसतात, तिसरी दिसत नाही.

उग्र वास, स्वतःच्या दाढीवर मूत्र उडवणं, शेळीचं मूत्र हुंगून वरचा ओठ उचलणं, जीभ बाहेर काढून आवाज करणं, यावरून त्याची इच्छा कळते. नर संप्रेरक तयार होतंय एवढंच त्यातून सिद्ध होतं. शुक्राणू तयार होतात की नाही, झाले तर जिवंत आहेत की नाही, हे त्यातून कळत नाही. उड्या मारणारा बोकडसुद्धा नापीक असू शकतो.

हाताने तपासणी

ही तपासणी घरातल्या जाणत्या माणसाने, शक्यतो पशुवैद्यकांकडून एकदा शिकून घेऊन करावी.

१. दोन्ही वृषण पिशवीत खाली उतरलेले हवेत. एकच उतरलेला बोकड कधीकधी शेळ्या फळवतो, पण हा दोष वंशात उतरू शकतो. असा बोकड पैदाशीला ठेवू नये.

२. दोन्ही सारख्या आकाराचे, पिशवीत मोकळे हलणारे आणि घट्ट टोमॅटोसारखे लागायला हवेत. पिलपिले, आक्रसलेले किंवा दगडासारखे कडक असतील तर शंका घ्यावी.

३. वृषणाच्या तळाशी एक भरीव उंचवटा हाताला लागतो. शुक्राणूंची साठवण तिथे होते. तो भरलेला असणं चांगलं.

४. गरमपणा, दुखरेपणा, सूज किंवा गाठ असेल तर लगेच पशुवैद्यकांना दाखवावं.

५. पिशवीचा सर्वांत रुंद भागाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजावा. जातीनुसार आणि वयानुसार घेर बदलतो, म्हणून त्याच वयाच्या, त्याच जातीच्या दुसऱ्या बोकडाशी तुलना करावी. घेर जास्त म्हणजे साधारणपणे शुक्राणूंची निर्मितीही जास्त.

६. मागचे पाय आणि खूर पाहावेत. शेळीवर चढताना सगळं वजन मागच्या पायांवर येतं. लंगडा बोकड इच्छा असूनही काम करू शकत नाही.

उन्हाळ्याचा हिशोब पावसाळ्यात चुकवावा लागतो

वृषण पोटाबाहेर का असतात, हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. शेळीचं शरीर आपल्यापेक्षा गरम, साधारण ३९ अंश सेल्सिअस. शुक्राणू तयार व्हायला त्यापेक्षा चार-पाच अंश कमी तापमान लागतं. म्हणून निसर्गाने ती पिशवी बाहेर टांगली आहे. थंडीत ती वर ओढली जाते, उन्हात सैल सुटते.

आता आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा. मलकापूर, नांदुरा, शेगाव या घाटाखालच्या भागात पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याखाली बांधलेल्या बोकडाचं काय होत असेल? एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात, पुढे पक्व व्हायला आणखी दीड-दोन आठवडे. म्हणजे जूनच्या मध्यावर जे बीज वापरलं जाणार, त्याची सुरुवात एप्रिलमध्येच झालेली असते. मे महिन्यातल्या तापाचा, आजाराचा किंवा उन्हाच्या झटक्याचा परिणाम जुलैत दिसतो आणि आपण म्हणतो, "यंदा शेळ्याच काही धरत नाहीत." बोकडाला उन्हाळ्यात झाडाची सावली, गार पाणी आणि पुरेसा खुराक देणं ही पावसाळ्यातल्या पैदाशीची तयारी आहे. हिरवी शेळी बाजरीत जशी, तसा बोकड खुराकात माजू देऊ नका. हाडं दिसणारा नको आणि चरबी चढलेलाही नको.

एक गोष्ट आपल्या कापसाच्या मुलखासाठी खास. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं आणि ते नराच्या शुक्राणूंना अपायकारक आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात त्याचा जोर बराच कमी होतो, तरी पैदाशीच्या बोकडाला महिनोन्‌महिने भरपूर सरकी किंवा सरकीची ढेप घालणं टाळावं.

रंगाची युक्ती: गोठ्यातला प्रयोग

गेरू गोड्या तेलात कालवून बोकडाच्या छातीच्या खालच्या भागाला लावा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावत राहा. तो ज्या शेळीवर चढेल तिच्या पाठीवर लाल डाग पडेल. वहीत शेळीचं नाव आणि तारीख लिहा. १७ दिवसांनंतर रंग बदला, कपड्यांची नीळ चालेल.

आता लाल डाग असलेल्या शेळीवर निळा डागही पडला तर ती उलटली. फक्त निळाच डाग असेल तर ती पहिल्यांदाच माजावर आली असं समजा. दहापैकी दोन-तीन उलटल्या तर घाबरू नका. सात-आठ उलटल्या, तरुण आणि म्हाताऱ्या सगळ्याच उलटल्या, तर बोकडावर संशय घ्या. उलट एकच शेळी दोन वेगवेगळ्या बोकडांकडूनही राहिली नाही, तर त्या शेळीची तपासणी करा. दोष शोधण्याची ही पद्धत म्हणजेच विज्ञान.

पक्कं उत्तर कुठे मिळतं?

वीर्यतपासणीतून. पशुवैद्यक कृत्रिम योनीच्या साहाय्याने वीर्य घेतात. बोकडाचं वीर्य अर्धा ते दीड मिलिलिटर, पण घट्ट आणि मलईसारखं असतं. एका मिलिलिटरमध्ये दोनशे ते पाचशे कोटी शुक्राणू असू शकतात. ताज्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली लाटा उसळताना दिसतात. एका नमुन्यावरून निकाल लावू नये. बरेच दिवस आराम केलेल्या बोकडाच्या पहिल्या नमुन्यात जुने, मेलेले शुक्राणू जास्त असतात. नमुना खराब निघाला तर खुराक आणि सावली सुधारून दोन महिन्यांनी पुन्हा तपासावं. दोन महिनेच का, हे वर आलंच आहे.

त्यासोबत ब्रुसेलोसिसची रक्ततपासणीही करून घ्या. या रोगाने शेळ्या गाभडतात, बोकडाचे वृषण सुजतात आणि तो माणसालाही होतो. गाभडलेलं पिल्लू आणि वार उघड्या हाताने उचलू नका, मुलांना तर जवळही जाऊ देऊ नका. वीर्यतपासणी हा शाळेतल्या सूक्ष्मदर्शकावर करायचा प्रयोग नाही, हेही स्पष्ट सांगतो.

बोकड निवडताना

गावात एक उलटी रीत आहे. सर्वांत जोमदार नर करडू आधी विकलं जातं, कारण त्याला भाव मिळतो. मागे राहिलेलं किरकोळ करडूच पुढे कळपाचा बाप होतं. दरवर्षी असंच होत गेलं तर कळप लहानखुराच होणार. जुळ्यांतलं, भरपूर दूध देणाऱ्या शेळीचं करडू राखून ठेवा. वर्षभराचा झाल्याशिवाय त्याच्यावर भार टाकू नका आणि सुरुवातीला थोड्याच शेळ्या द्या.

दोन वर्षांनी बोकड बदला, नाहीतर तो स्वतःच्याच मुलींना फळवतो. त्यातून अशक्त करडं आणि मरतूक वाढते. शेजारच्या गावाशी अदलाबदल केली तरी चालतं.

शिंगांकडेही बघा. शेळीत बिनशिंगी असणं हा प्रभावी गुण आहे. पण बिनशिंगी बोकड आणि बिनशिंगी शेळी यांचा संकर केला तर काही मादी करडं ना धड नर ना धड मादी अशी जन्मतात, आणि काही नरांच्या शुक्राणूवाहिन्या तुंबतात. म्हणून जोडीतलं एक तरी शिंगाचं असावं. मेंडेलचा पाठ शिकवायला याहून जवळचं उदाहरण कुठलं?

जातिवंत बोकडासाठी अमरावती जिल्ह्यातल्या पोहरा येथील पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रावर चौकशी करता येईल. अवघड प्रकरणात अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आपल्याला जवळ आहे. पहिली पायरी मात्र तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना.

वर्गात हा विषय कसा घ्यावा?

मुलं हसतील, हसू द्या. शेतकऱ्याच्या घरातली मुलं हे सगळं पाहूनच मोठी होतात, आपणच संकोचतो. नेमके शब्द वापरले की हसू आपोआप थांबतं. पाचवी ते सातवीला तारखांचं गणित आणि नोंदवही द्या. आठवी ते दहावीला तापमान, शुक्राणूनिर्मिती, शिंगांची आनुवंशिकता घ्या.

आणि एक विनंती. "वांझ" हा शब्द आपल्या समाजात फक्त शेळीला वापरला जात नाही. मूल होत नसलेल्या घरात आधी बोट सुनेकडेच जातं, नवऱ्याची तपासणी मागे राहते, कधी होतच नाही. वर्गातल्या मुलीमुलांनी गेरूच्या डागांवरून एवढं जरी शिकलं की तपासणी दोघांची करायची आणि पुरावा हाती येण्याआधी दोष द्यायचा नाही, तरी हा पाठ गोठ्यापुरता राहणार नाही.

तुमच्या शाळेत नोंदवहीचा उपक्रम घेतलात तर मुलांच्या नोंदी जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला त्यावरूनच सुरुवात करता येईल.